गुरुमूर्तीचा खिसा

मी संशयी आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या सैदापेटच्या गल्लीत दूधवाला गाय दारात आणून डोळ्यांसमोर दूध काढून देतो, तरी मी आधी त्याला भांडं उपडं करायला लावते. तळाशी पाणी घेऊन आलेला तो दोनदा सापडला आहे. त्यामुळे संशय हा माझा दोष आहे असं मला कधी वाटलंच नाही. मी डोळे उघडे ठेवते आणि बाकीच्यांना ते जमत नाही, एवढंच. आमचे हे, चंद्रमौळी राव, कचेरीत हेडक्लार्क आहेत आणि स्वभावाने अगदी उलटे. ते म्हणतात, “त्रिपुरा, देव प्रसाद द्यायला आला तरी तूं त्याला आधीं मूठ उघड म्हणशील.”

मशीनची गोष्ट सत्तावन्न सालातली. हे मशीन साधं नव्हे. लढाई संपल्यावर मामंजींनी लष्कराच्या लिलावातून ते उचललं होतं. त्यावर पूर्वी तंबू शिवत. साध्या मशीनचा हात वीतभर असतो, याचा चांगला दोन हात लांब, म्हणून त्याच्या खालून अख्खी गुंडाळलेली रजई आरामात सरकते. मद्रासच्या उकाड्यात रजई कोण पांघरणार? पण वर कुन्नूरला थंडी पडते आणि तिथल्या एका वसतिगृहाच्या सगळ्या रजया दरवर्षी माझ्याकडून जात. दिवाळीच्या आत गेल्या पाहिजेत हा ठरलेला नेम. त्या मशीनला आमच्या घरात सगळे ‘लांबहाती’ म्हणत, आणि मी सोडून कुणी त्यावर बसत नसे.

मी सोडून त्याला हात लावणारा एकच माणूस होता, गुरुमूर्ती. तोही आमच्यातलाच, तंजावरकडचा मराठी. लष्कराच्या तंबूखान्यात मशीन दुरुस्ती शिकलेला. तो वेलचेरीत तळ्याच्या काठी बायको आणि दोन मुलींना घेऊन राहायचा आणि सायकलला हत्यारांची पेटी बांधून घरोघर फिरायचा. बोलणं कमी, हात स्वच्छ. सहा वर्षं तो लांबहातीची देखभाल करत होता आणि सहा वर्षांत मला त्याच्यात खोट सापडली नव्हती. खरं सांगायचं तर याचंही मला थोडं नवलच वाटायचं.

त्या वर्षी त्याचं नशीब उघडायची वेळ आली होती. ह्यांचे चुलतभाऊ सेतुमाधव यांचा मांबळमला शिवणकामाचा कारखाना आहे, शाळांचे गणवेश शिवतात. वीस मशिनी. त्यांना कायमचा मेकॅनिक हवा होता. मद्रासला पावसाळा दसऱ्यानंतर लागतो, ते तीन महिने घरोघरची कामं बंद पडतात आणि गुरुमूर्तीच्या घरी चूल कशी पेटते ते त्यालाच ठाऊक. म्हणून तो सेतुमाधव भावजींना जाऊन भेटला. ते म्हणाले, “त्रिपुरा वैनी बरा म्हणाल्या तर विजयादशमीनंतर ये.” म्हणजे त्याची नोकरी माझ्या एका शब्दावर होती. हे तो जाणून होता आणि मीही.

आता आयुधपूजेचं, म्हणजे खंडेनवमीच्या हत्यारांच्या पूजेचं सांगते. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आदल्या वर्षी गेल्या, तेव्हा वर्षभर सण केला नव्हता. ही माझ्या हातची पहिली पूजा. आत्याबाई दरवर्षी मशीनच्या लाकडी फळीच्या कोपऱ्याला बोटभर गंध लावत आणि झालं म्हणत. मला ते कधी पटलं नाही. ज्या मशीनने घराला हातभार लावला त्याला कोपऱ्यात एक ठिपका? हा काय कंजूषपणा! पण त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

पूजेच्या आदल्या दिवशी गुरुमूर्ती आला. पूजेला हत्यारं स्वच्छ असावीत म्हणून तो दरवर्षी येई. त्याने मशीन उघडलं, कापड पुढे ओढणाऱ्या दात्यांत अडकलेला कापूस काढला, तेल घातलं, आणि एका चिंधीवर शिवण घालून दाखवली. वरून-खालून सारखी, मोहरी ओळीने मांडावी तशी. “सरी, अक्का, झालं ठीक. दिवाळीपर्यंत बघावं लागणार नाहीं,” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच सहाणेवर चंदन उगाळलं, चांगलं दाट आणि ओलं. पुस्तकं, ह्यांचं पेन, विळी, कात्री, सगळं मांडलं. मशीनला मात्र मी कोपऱ्यात ठिपका लावला नाही. त्याच्या कपाळावर, समोरच्या बाजूला, रुपयाएवढं गंध लावलं, वर कुंकू, वर फुलांची माळ. नवऱ्या मुलीसारखं दिसत होतं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्यामुळे दिवसभर मी लांबूनच बघून खूश होत होते. दाराबाहेर कोहळा फोडला, पोरी म्हणजे चुरमुरे आणि गूळ वाटला, सण झाला.

विजयादशमीला सकाळी कोरड्या फडक्याने गंध पुसलं, कुन्नूरची पहिली रजई आत सरकवली आणि पाय मारायला लागले. वरून शिवण अगदी सुरेख. वीतभर शिवून रजई उलटली तर खाली दोऱ्यांचे झुपकेच्या झुपके. हात लावला की सगळे टाके सुटून आले.

माझं डोकं तिथेच चालायला लागलं. काल देवाचा दिवस. काल कुणी मशीनला हात लावला नाही. परवा गुरुमूर्ती. तेरवा मशीन ठणठणीत. देव काही चोरत नाही. मग मधे उरला कोण?

तरी मी लगेच आळ घेतला नाही, हे लक्षात घ्या. आधी माझ्याकडून सगळं केलं. सुई बदलली. सुईची सपाट बाजू नीट बसली की नाही ते पाहिलं. दोरा काढून पुन्हा ओवला, एकदा नव्हे पाचदा. रीळ बदललं. दाते साफ केले. पण झुपके खाली येत होते, म्हणजे दोष खालीच असणार. खाली असतं शटल, होडीच्या आकाराचं, त्याच्या पोटात बॉबिन बसतं. त्याचा बारीक स्क्रू मी आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. शेवटी इतका आवळला की दोरा तुटला. झुपके तसेच.

मग मी शटल हातात घेऊन खिडकीशी उभी राहिले. आमच्या शटलच्या पोटावर एक बारीक ओरखडा होता. मला पक्कं आठवत होतं. यावर ओरखडा दिसत नव्हता.

“अहो,” मी म्हटलं, “हें आपलं शटल नाहीं.”

हे वर्तमानपत्र वाचत होते. “मग कुणाचं?”

“गुरुमूर्तीनं बदललंय. आपलं जुनं, विलायती, पोलादाचं. तसलं आतां मूर मार्केटांत शोधूनही मिळणार नाहीं. तें काढलं आणि हें फालतू बसवलं.”

“तूं शटल याआधीं कधीं उलटं करून बघितलं होतंस कां?”

हा प्रश्न मला अजिबात आवडला नाही. मी म्हटलं, बघितलं होतं. खरंच बघितलं होतं का? त्या क्षणी मला वाटलं की बघितलं होतं. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, “त्याला बोलावतों. तोच बघूं दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुमूर्ती आला. सायकल दाराबाहेरच्या तिण्णईला, ओट्याला टेकवली, पाय धुतले आणि आत आला. मी शटल एका पांढऱ्या रुमालावर ठेवून त्याच्यासमोर धरलं.

“हें ओळखतोस?”

“तुमचंच शटल, अक्का.”

“नीट बघ.”

त्याने नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी कोणत्या अर्थाने विचारते आहे ते त्याला कळलं असावं, कारण त्याचा चेहरा जरा उतरला. माझ्यासारख्या बाईला चेहरा उतरलेला दिसला की पुरे. मी मनात म्हटलं, सापडला.

त्याने शटल जागेवर बसवलं, उलटलेल्या रजईवरचे झुपके बोटाने चाचपले आणि स्टुलावर बसला. “अक्का, एक जुनं फडकं द्या,” म्हणाला. मी दिलं. मी त्याच्या मागे उभी होते, दारात हे उभे होते, शेजारची आजी डोकावत होती. त्याने मशीनचा, कापड दाबून धरणारा दाबाचा पाय वर उचलला, वाकला, आणि काय केलं ते मला दिसलं नाही, कारण त्याची पाठ माझ्याकडे होती. पाठ मुद्दाम केली होती असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. दोन मिनिटं त्याचे हात वरच कुठेतरी हलत होते. मग त्याने ते फडकं घडी करून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात घातलं. माझं फडकं! माझ्या घरातलं फडकं त्याच्या खिशात कशाला?

त्याने दोरा ओवला आणि पाय मारला. शिवण आली, वरून-खालून मोहरीच्या ओळीसारखी.

“काय झालं होतं?” मी विचारलं.

“कांही नाहीं, अक्का. धूळ होती.”

“धूळ? तेरवाच तूं साफ केलं होतंस.”

“बसते कधीं कधीं,” तो म्हणाला. डोळे खाली. मजुरी द्यायला हे पुढे झाले तर घेतली नाही. पेटी उचलली आणि निघाला.

मजुरी न घेणारा माणूस! याहून मोठा कबुलीजबाब कोणता असतो? तो गेल्याबरोबर मी शटल पुन्हा बाहेर काढलं आणि खिडकीशी नेलं. आणि काय सांगू, ओरखडा होता! उन्हात धरून फिरवलं तर पोटावर केसाएवढा बारीक ओरखडा लख्ख दिसला. सगळं जुळलं. चोरलेलं शटल भीतीने परत आणून बसवलं, आणि दुसरं फडक्यात गुंडाळून खिशात घातलं. म्हणून पाठ. म्हणून ‘धूळ’. म्हणून मजुरी नाही.

“अगं, त्यानं कधीं बदललं? मीं दारांतच होतों,” हे म्हणाले.

“तुम्हांला दूधवाल्याच्या भांड्यांतलं पाणी तरी कधीं दिसलं होतं?” मी म्हटलं. यावर ते गप्प बसले. ते गप्प बसले की मी जिंकले असं मी समजते.

गुरुवारी आमच्या लोकांचं भजन असतं. सैदापेट, मांबळम, थेट वेलचेरीपासून तंजावरची मराठी घरं तिथे येतात. अभंग संपून कापूर लागेपर्यंत बायकांच्या बाजूला मी सगळं सांगून टाकलं होतं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. तो कसा वाकला, पाठ कशी केली, खिशात हात कसा घातला. एक जण म्हणाली, आमच्या मशीनचा पण आवाज बदललाय. दुसरीला आठवलं की तिची कात्री मागच्या वर्षी हरवली. मला बरं वाटलं. सगळ्यांचे डोळे उघडत होते. त्या बायकांत, मागच्या रांगेत, गुरुमूर्तीची बायको कामाक्षी बसली होती. ती मला दिसली होती. दिसली तरी मी थांबले नाही.

चार दिवसांनी सेतुमाधव भावजी आले. “वैनी, काय सांगतां? घेऊं कां त्याला?”

मी म्हटलं, “वीस मशिनी म्हणजे वीस शटलं. तुमचं तुम्हीं बघा.”

त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. रजया वेळेवर कुन्नूरला गेल्या. पावसाळा आला, गेला. सैदापेटच्या घरांनी गुरुमूर्तीला बोलावणं बंद केलं, आणि तो वेलचेरीच्या नाक्यावर सायकलींची पंक्चरं काढतो असं कानावर आलं. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण मी स्वतःला सांगितलं की हात वाकडा असला की असंच होणार. मी मात्र रोज काम झालं की शटल काढून मसाल्याच्या डब्यामागे ठेवायला लागले.

मशीन वर्षभर सुरळीत चाललं. हाही मला पुरावाच वाटत होता.

अठ्ठावन्न साल. पुन्हा आयुधपूजा. या वेळी मशीन मी स्वतः साफ केलं, स्वतः तेल घातलं. घरात दुसरं कुणी आलं नाही, गेलं नाही. पूजेच्या सकाळपर्यंत शटल डब्यामागे होतं. चंदन उगाळलं, कपाळावर रुपयाएवढं गंध, वर कुंकू, वर माळ. विजयादशमीला पुसलं, रजई आत सरकवली, पाय मारला आणि उलटून बघितलं.

झुपके.

मी तशीच बसून राहिले. संशय घ्यायला घरात माणूसच उरलं नव्हतं. हे? ह्यांना मशीनची सुई कुठे असते तेही ठाऊक नाही. शेजारची आजी? ती तर चैत्रातच गेली होती. दूधवाला दाराच्या आत येत नाही. मी एकेकाला मनात उभं केलं आणि एकेकाला सोडून दिलं, आणि शेवटी खोलीत मी आणि लांबहाती, दोघीच राहिलो.

आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, मी सुईतून वरचा दोरा धरला आणि हाताने ओढला. दाबाचा पाय खाली असताना तो दोरा अडत अडत यायला हवा. तो सरसर आला. त्याला कुणी धरलेलंच नव्हतं. म्हणजे खालचं शटल बिचारं आपलं काम करत होतं. वरचा दोरा ढिला पडून खाली जाऊन साचत होता. दोष दिसत होता खाली आणि होता वर. वर्षभरापूर्वी मी दिवसभर खालीच शोधत बसले होते.

वर दोरा कोण धरतं? मशीनच्या समोरच्या बाजूला दोन चकचकीत गोल चकत्या असतात, एकमेकींना चिकटलेल्या. त्यांच्या मधून दोरा जातो आणि त्या त्याला दाबून धरतात. म्हणजे मी ज्याला मशीनचं कपाळ म्हणत होते, तेच.

पुढचा स्क्रू फिरवून मी चकत्या मोकळ्या केल्या. आतली एक बारीक स्प्रिंग टणकन उडून पलंगाखाली गेली, तिच्याकडे मी बघितलंही नाही. चकत्यांच्या आतल्या बाजूला वाळलेलं पिवळं खरकट्यासारखं काहीतरी चिकटलं होतं आणि त्यात लाल रेघा. नाकाशी नेलं. चंदन. माझ्याच सहाणेवरचं.

ओलं गंध चकत्यांच्या फटीतून आत उतरलं होतं आणि तिथे वाळून बसलं होतं. वरून पुसलं की मला वाटायचं पुसलं गेलं. देवाच्या दिवशी मशीनला कुणी हात लावला नाही असं मी शपथेवर सांगत होते, आणि माझा स्वतःचा हात मी मोजलाच नव्हता. पूजेचा हात म्हणजे काही हात लावणं नव्हे ना!

आणि मग गेल्या वर्षीची सकाळ माझ्यापुढे उभी राहिली. जुनं फडकं द्या, अक्का. दाबाचा पाय वर उचलला, कारण तो उचलला की चकत्या सुटतात. हात वरच हलत होते. फडकं खिशात. धूळ होती.

त्याला तेव्हाच कळलं होतं. त्याने पाहिलं, पुसलं, आणि सांगितलं नाही.

मला स्वतःची इतकी चीड आली की मी त्या चकत्या भिंतीवर फेकणार होते. फेकल्या नाहीत. पलंगाखालून स्प्रिंग शोधून काढली, सगळं रुमालात बांधलं आणि ह्यांना सांगितलं. ह्यांनी रुमाल सोडून चंदन बघितलं. मग म्हणाले, “आधीं सेतुमाधवाकडे जा.”

मी मांबळमला गेले. कारखान्यात वीस मशिनी खडखडत होत्या. भावजींपुढे रुमाल सोडून चंदन दाखवलं, सगळं सांगितलं. ते हसले.

“वैनी, तुमचं मन मोठं आहे. गरिबाचं नुकसान झालं म्हणून तुम्हांला वाईट वाटतंय. पण माणूस एकदां बदनाम झाला म्हणजे कांहीतरी असतंच कीं.”

“कांही नव्हतं म्हणून सांगतें आहे!”

“बरं, बरं. आतां जागा भरली आहे. पुढं बघूं.”

वर्षभरापूर्वी माझ्या एका वाक्यावर त्यांनी पुरावा मागितला नव्हता. आज पुरावा रुमालात होता आणि तो त्यांना नको होता. मी तिथून निघाले ती जटका, म्हणजे घोडागाडी करून तडक वेलचेरीला.

तळ्याच्या कडेला माडाच्या झापांचं घर. गुरुमूर्ती अंगणात एका सायकलचं चाक उलटं करून बसला होता. मला बघून उठला, हात पुसले. कामाक्षी दारात आली आणि तिथेच थांबली. ये म्हणाली नाही. दाराशी हत्यारांची लाकडी पेटी होती, आणि परवाच्या पूजेचं गंध पेटीच्या झाकणाच्या कोपऱ्याला होतं, बोटभर, आत्याबाई लावायच्या तसंच.

मी रुमाल उघडून त्याच्यापुढे धरला. वर्षापूर्वीही रुमालच धरला होता.

त्याने चकत्यांकडे बघितलं. “ह्या वर्षींपण तिथंच लावलं कां, अक्का?”

“तूं मला सांगितलं कां नाहींस?” मी जवळजवळ ओरडलेच. चूक माझी आणि ओरडणंही माझंच.

“सणाचं गंध होतं. अम्मा गेल्यानंतरची तुमची पहिली पूजा. घरांत अस्के, सगळेच उभे होते. तुमच्या पूजेनं मशीन बिघडलं असं चारचौघांत कसं म्हणूं? आणि कुंकू लागलेलं फडकं पायाखालीं येऊं नये म्हणून खिशांत घातलं. तळ्यांत सोडलं. धूळ म्हटलं तर चोर ठरेन, हें मला काय ठाऊक?”

“नंतर तरी सांगायचंस!”

“नंतर कुणीं ऐकलं असतं? चोर आतां पूजेवर ढकलतो म्हणाले असते.”

खरं होतं. सगळ्यांत आधी मीच म्हणाले असते.

मी कामाक्षीकडे वळले. हे तिच्यासमोर बोलायलाच हवं होतं, कारण तिच्यासमोरच मी ते बोलले होते. मी म्हटलं, “कामाक्षी, ह्यानं कांही चोरलं नव्हतं. शटल आमचंच होतं, पहिल्यापासून. चूक माझी. मीं गुरुवारीं भजनांत सगळ्यांपुढं उभी राहून सांगणार आहे. माफी मागायला आलें आहे.”

ती आत गेली. मला वाटलं, दार लावून घेणार. पण ती एक सदरा घेऊन बाहेर आली, धुवून धुवून विरलेला. खिशाच्या तळाशी फिकट लाल डाग होता, धुऊन न गेलेला.

“हें तें गंध?” तिने नवऱ्याला विचारलं.

“तेंच. तेव्हांच सांगितलं होतं तुला.”

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. मग तिथेच उंबऱ्यावर बसली आणि सदरा मांडीवर घेऊन माझ्याशी बोलू लागली, पण नजर त्याच्यावर होती. “हे म्हणाले, त्रिपुराक्कांच्या मशीनचं गंध आहे. मीं म्हटलं, मशीनच्या पोटांत गंध कसं जाईल? चोर तरी बरं कारण शोधतो. तुम्हीं एवढ्या मोठ्या घरच्या, भजनांत बसून खोटं कशाला बोलाल? वर्षभर रोज संध्याकाळीं मीं ह्यांचे खिसे बघितले, अक्का. पोरींच्या समोर बघितले.”

एका माणसाची माफी मागायची म्हणून मी आले होते. इथे दोघांचं घर मी पोखरून ठेवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गुरुमूर्तीने माझ्या हातातला रुमाल घेतला आणि स्प्रिंग उजेडात धरून बघितली. “वांकली नाहीं. चला अक्का, बसवून देतों. कुन्नूरच्या रजया थांबल्या असतील.”

त्याने पेटी उचलून सायकलला बांधली. मग निघण्याआधी, सवयीने, कुणी न सांगता, तो कामाक्षीसमोर जाऊन उभा राहिला आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून तिला दाखवले.

कामाक्षी उठली. तिने ते स्वतःच्या हाताने, एकेक करून, परत आत घातले.